कोरडी तोटी

आमच्या संस्थेत पृथ्वीवर जीव कसा जन्माला आला हे तीन मजल्यांवर तीन प्रकारे सिद्ध झालेलं आहे, आणि तिन्ही मजले एकमेकांना मूर्ख समजतात. या एका बाबतीत तिन्ही मजल्यांचं म्हणणं बरोबर आहे, असं माझं तळघरातलं मत.

मी काचेचा मिस्त्री. संशोधनाला लागणारे काचेचे फुगे, नळ्या, तोट्या मी ज्योतीवर फुंकून घडवतो. चौतीस वर्षं झाली. या काळात एकाही विद्वानाला साधी नळी न मोडता वाकवता आलेली मी पाहिली नाही. पण चार अब्ज वर्षांपूर्वी नेमकं काय झालं हे मात्र यांच्यातला प्रत्येक जण असा सांगतो, जणू त्या दिवशी हा तिथे खुर्ची टाकून बसला होता.

तिसऱ्या मजल्यावर धोंडेपंत. हे नाव मी ठेवलेलं, पण आता त्यांची बायकोसुद्धा वापरते असं ऐकतो. त्यांचं म्हणणं, जीवाचा कच्चा माल आकाशातून पडलेल्या दगडांवर बसून आला. मी एकदा विचारलं, "मग त्या दगडांवर तो कसा तयार झाला?" तर म्हणाले, "तो वेगळा प्रश्न आहे." पाहुणा कुठून आला विचारलं तर दारातून आला म्हणायचं, त्यातला प्रकार. दुसऱ्या मजल्यावर बंबवाल्या बाई. समुद्राच्या तळाशी खडकांच्या भेगांतून उकळतं पाणी वर येतं, तिथे जीव झाला म्हणे. त्यांना काच लागत नाही, पोलादाची भांडी लागतात, त्यामुळे त्यांच्याबद्दल माझं मत आधीपासूनच वाईट आहे.

आणि पहिल्या मजल्यावर ब्रह्मदेव. म्हणजे सर. सर्वांचे सर एकच, बाकीचे नुसते आडनावाचे धनी. त्यांचा प्रयोग तसा जुना, मी शाळेत जायच्या आधीपासून जगात लोक करत आलेत. एका काचेच्या फुग्यात पाणी, तो समुद्र. दुसऱ्या मोठ्या फुग्यात पृथ्वीच्या लहानपणी हवेत असतील असे वायू. पाणी तापवायचं आणि वायूंमध्ये विजेच्या ठिणग्या पाडायच्या. आठ दिवसांत पाणी तांबूस होतं, मग तपकिरी, आणि त्या गढूळ पाण्यात प्रथिनं ज्यांपासून बनतात त्या विटा सापडतात. नुसत्या विटा, घर नव्हे. विटांचा ढीग दाखवून घर बांधलं म्हणणारा गवंडी आम्ही दारात उभा केला नसता.

पण सरांनी एक पाऊल पुढे टाकलं होतं. या विटा दोन तऱ्हेच्या असतात, डाव्या आणि उजव्या. हातमोज्यांची जोडी असते ना, अगदी सारखी, पण डावा मोजा उजव्या हातात जात नाही, तशा. जे जे जिवंत आहे ते सगळं फक्त डाव्या विटा वापरतं. फुग्यात ठिणग्या पाडल्या की मात्र दोन्ही अर्ध्या-अर्ध्या तयार होतात. मग जीवाने डावीच का निवडली? यावर जगभर डोकी फुटताहेत. सरांनी फुग्याच्या तळाशी एक विशिष्ट माती घातली आणि त्यांच्या फुग्यात डाव्या विटा जास्त निघाल्या. झालं! सर परदेशी भाषणं देत सुटले. संस्थेच्या दर्शनी भिंतीवर त्यांचा फोटो लागला. फोटोत त्यांच्या हातात जो फुगा आहे तो मी घडवलाय, हे फोटोखाली लिहिलेलं नाही.

हे सगळं मी दुरूनच हसत बघितलं असतं. पण त्या प्रयोगावर रोज राबणारी विद्यार्थिनी माझी सख्खी भाची होती.

ताईने पाच वर्षांपूर्वी तिला इथे पाठवली तेव्हा मला फोनवर एवढंच म्हणाली, "तू आहेस म्हणून पाठवतेय." मी कोण? तळघरातला मिस्त्री. पण बहिणीला तसं सांगवत नाही. पोरगी मात्र हुशार निघाली, शिवाय चिकट. एकदा हातात घेतलं की सोडणार नाही. आणि नेमकं हेच तिच्या मुळावर आलं.

तिच्या वहीत प्रत्येक नमुन्यापुढे एक रकाना होता: तोटी कोणी उघडली. फुग्यातलं पाणी बाहेर काढायला खाली काचेची तोटी असते, म्हणजे काचेच्या भोकात बसवलेली काचेची खुंटी. फिरवली की वाट उघडते. बाकी सगळीकडे त्या खुंटीला वंगण लावतात. इथे वंगणाला बंदी, कारण वंगणाचा कण जरी पाण्यात उतरला तरी प्रयोग बाटला. काचेवर काच, अगदी कोरडी. प्रत्येक वेळी तोटी आधी भट्टीत भाजून मग बसवायची. कोरडी तोटी फार त्रास देते. अडकते, कुरकुरते. पोरगी बाहेरून गरम कापड धरून पंधरा-पंधरा मिनिटं वाट बघायची, मग ती फिरायची. सरांना एवढा धीर कुठला! पण महत्त्वाचे नमुने त्यांनाच घ्यायचे असत. "पहिला थेंब माझ्या हातून," असं म्हणायचे. अंगात पांढरा झगा, डोक्याला टोपी, तोंडाला पट्टी, हातात मोजे घालून छोट्या काचबंद खोलीत एकटे शिरायचे. आत एका वेळी एकच माणूस, हा नियमही त्यांचाच. दाराच्या काचेवर त्यांनी स्वच्छतेच्या तेवीस नियमांचा तक्ता चिकटवला होता, त्यामुळे बाहेरून आतलं काही दिसायचं नाही.

पोरीच्या वहीप्रमाणे, सरांनी तोटी उघडली की डाव्या विटा जास्त. तिने उघडली की अर्ध्या-अर्ध्या. प्रत्येक वेळी.

ती हे सरांकडे घेऊन गेली. दुसरा कुणी असता तर चमकला असता. सर म्हणाले, "यावरून एवढंच सिद्ध होतं की तुला नमुना घेता येत नाही. तुझे आकडे गाळ." तिने गाळले नाहीत. मग बाहेरच्या एका प्रयोगशाळेने तोच प्रयोग केला, फुगाही माझ्याकडूनच नेला होता, आणि त्यांना तीनदा अर्ध्या-अर्ध्याच मिळाल्या. पत्र आलं. चौकशीला तीन जणांची समिती येणार असं ठरलं. सरांनी त्याच दिवशी टिपण लिहून दिलं: काही नमुन्यांत बाहेरचा अंश मिसळला असल्यास तो विद्यार्थिनीच्या हलगर्जीपणामुळे, सबब तिचा प्रबंध रद्द करावा.

म्हणजे पाच वर्षं मातीत, पदवी नाही, आणि कपाळावर हलगर्जीचा शिक्का घेऊन फिरणाऱ्या मुलीला दुसरी कुठली संस्था दारात उभी करणार?

समिती यायच्या आठवडाभर आधी ती माझ्याकडे तळघरात आली. तोटीच्या खुंटीच्या मुठीचा टवका उडाला होता, ती दुरुस्त करायची होती. सकाळीच सरांनी एक नमुना घेतला होता, तोटी अजून भाजली नव्हती. तिने ती स्वच्छ कागदात गुंडाळून आणली, बाकावर ठेवली आणि समोरच्या स्टुलावर बसून राहिली.

"मामा, मी वही पहिल्या पानापासून तपासली. परत तपासली. माझं कुठे चुकलंय तेच सापडत नाहीये."

"मग चुकलं नसेल."

"सर मोजे घालतात. मी स्वतः त्यांना मोजे देते. त्यांच्या हातून काही जाणं शक्यच नाही. मग माझ्याच हातून गेलं असणार ना?"

 खुंटी तोटीत घालून फिरवली. आणि माझा हात थांबला.

ती कुरकुरली नाही. लोण्यासारखी फिरली.

कोरडी काच अशी फिरत नाही. माझं सगळं आयुष्य काचेत गेलंय, मला कुणी सांगायला नको. मी खुंटी काढून उजेडाकडे धरली. एका बाजूला अंगठ्याच्या रुंदीचा पुसट, तेलकट पट्टा होता, वरून खाली ओढलेला. तो पट्टा मी ओळखला. कारण तसा पट्टा मी ओढतो.

आमच्या धंद्यातली ही जुनी युक्ती. तोटी अडकली आणि वंगण हाताशी नसलं की अंगठा नाकाच्या बाजूने वरून खाली फिरवायचा. तिथे माणसाच्या कातडीला तेल सुटलेलं असतं. तोच अंगठा खुंटीवर घासायचा की तोटी फिरते. घाणेरडं आहे, पण काम होतं. कातडीवरच्या त्या तेलाबरोबर घाम येतो, कातडीचा कोंडा येतो, आणि त्यात ठासून भरलेल्या असतात त्याच विटा. जिवंत माणसाच्या. सगळ्या डाव्या.

म्हणजे चार अब्ज वर्षांपूर्वीचं जे रहस्य सर देशोदेशी सांगत फिरत होते, ते त्यांच्या नाकावरून आलं होतं.

मला इतकं हसू आलं की मी ज्योत पेटवायच्या निमित्ताने पाठ फिरवली. वर्षानुवर्षं या माणसाने मला "मिस्त्री, जरा काळजीपूर्वक" म्हणून शिकवलं होतं. माझ्या बाकावर धूळ आहे म्हणून नाक मुरडलं होतं. ते नाक!

तेव्हाच पोरीला सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. मनाशी म्हणालो, सांगून उपयोग काय? साक्षीदार कोण, तर मामा. सर म्हणतील मामा-भाचीने मिळून रचलंय. आणि ते खोटं बोलणार नाहीत, त्यांना खरंच माहीत नसणार. ती सवय हाताची असते, डोक्याला पत्ताही नसतो. आधी कुणकुण लागली तर ते सावध होतील आणि पोरगी कायमची अडकेल. हे सगळं खरंच होतं. पण त्याहून खरं हे की मला ब्रह्मदेवाचं तोंड बघायचं होतं, चारचौघांत, माझ्या डोळ्यांनी.

"काय झालं, मामा?"

"काही नाही. खुंटीच नवी करावी लागेल," मी म्हणालो.

ती डोळे पुसत वर गेली. मी नवी खुंटी घडवली आणि घासताना कणभर घट्ट ठेवली. अगदी कणभर. धीराने उघडली तर उघडावी, घाईने उघडली तर अडावी.

तो आठवडा पोरीने कसा काढला ते ताईने मला फोनवर सांगितलं. जेवत नाही, झोपत नाही, घरी परत येते म्हणते. "तू आहेस ना रे तिथे?" ताईने विचारलं. "आहे," मी म्हणालो.

समिती सकाळी दहाला आली. दोन पुरुष, एक बाई. पुरुष येताच सरांशी हवामानावर बोलू लागले. बाई म्हाताऱ्या होत्या, अध्यक्ष त्याच. त्यांनी आधी पोरीची वही मागितली आणि उभ्यानेच वाचली. धोंडेपंत आणि बंबवाल्या बाईसुद्धा काहीतरी निमित्त काढून खाली आले होते, शेजारच्या घरातलं भांडण ऐकायला यावं तसे. मला बोलावलं होतं ते तोटी तुटली बिटली तर असावं म्हणून.

सरांनी आधी वीस मिनिटं भाषण दिलं. समुद्र, वीज, मातीचा स्पर्श, आणि जीवाने पत्करलेला डावा हात. ऐकायला मजा येत होती, खोटं का बोला. मग त्यांनी झगा चढवला, टोपी घातली, तोंडाला पट्टी बांधली. पोरीने मोजे पुढे केले. सर खोलीत गेले आणि दार लागलं.

"तो तक्ता काढा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आत दिसू दे."

तेवीस नियम मीच खरवडून काढले. आम्ही सगळे काचेला लागून उभे राहिलो.

सरांनी तोटी धरली. फिरवली. फिरेना. पुन्हा जोर लावला. मोजा काचेवरून घसरला. बाहेर लोक बघताहेत हे त्यांना ठाऊक होतं, मान ताठ होती. त्यांनी तिसऱ्यांदा जोर लावला. मग उजव्या हातातला मोजा काढून डाव्या हातात धरला, तोंडावरची पट्टी हनुवटीखाली ओढली, अंगठा नाकाच्या बाजूने वरून खाली फिरवला आणि खुंटीवर घासला. एक, दोन. तोटी फिरली. तपकिरी पाण्याचा पहिला थेंब बाटलीत पडला. सरांनी पट्टी वर घेतली, मोजा चढवला आणि बाटली आमच्याकडे बघत अभिमानाने उंच धरली.

 धोंडेपंतांच्या घशातून एक आवाज निघाला, तो त्यांनी खोकल्यात ढकलला.

सर बाहेर आले. अध्यक्षबाईंनी शांतपणे विचारलं, "आत्ता आपण काय केलंत?"

"पहिला थेंब घेतला."

"त्याच्या आधी?"

"तोटी उघडली."

"त्याच्याही आधी. नाकाला हात लावलात."

"मी?" सर हसले. "शक्यच नाही." आणि त्यांनी आमच्या एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. मोजा घाईत चढवलेला होता, अंगठ्याचं बोट रिकामं लोंबत होतं. ते त्याच्याकडे बघत राहिले, दुसऱ्या कुणाचा हात असावा तसे.

मला हवं होतं ते तोंड मला बघायला मिळालं. मी मनातल्या मनात टाळ्या पिटत होतो.

"ही सवय कुठली?" बाईंनी विचारलं.

सरांनी मान वर केली आणि थेट माझ्याकडे बघितलं. तक्रार करावी तसं नव्हे. काहीतरी फार जुनं आठवावं तसं.

"मिस्त्रींनी शिकवली," ते हळूच म्हणाले. "माझी परीक्षा होती. तोटी अडकली होती आणि परीक्षक जिन्यात आले होते. मी रडत होतो. मिस्त्री म्हणाले, रडतोस काय, नाक आहे ना?"

सगळे माझ्याकडे वळले. पोरगीसुद्धा.

तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. काटकुळा, मानेवर घाम आलेला विद्यार्थी. तेव्हा मी त्याला अरे-तुरे करायचो. मी अंगठा फिरवून दाखवला होता आणि कुणाला सांगू नकोस म्हणालो होतो. त्याने खरंच कुणाला सांगितलं नाही. आठवड्यापूर्वी मला तो पट्टा ओळखू आला, पण तो कुणाकडून गेला हे मी स्वतःशी एकदाही उच्चारलं नव्हतं. नाही म्हटलं असतं तर खपलं असतं. तीस वर्षांपूर्वीचा पुरावा कोण आणणार?

"हो," मी म्हणालो. "मीच शिकवली. आणि आजची तोटी मुद्दाम घट्ट घासली, तीही मीच. आठवडाभर आधी मला कळलं होतं."

अध्यक्षबाईंनी माझ्याकडे एकदाच बघितलं. त्या नजरेत सरांना एक वाटा होता आणि मला एक, मोजून सारखे. मग त्या वहीकडे वळल्या. तासाभरात निकाल झाला. सरांनी टिपण मागे घ्यायचं आणि आपले निष्कर्षही. विद्यार्थिनीने स्वतः घेतलेले नमुने ग्राह्य. तिने नव्या तोटीने आणखी एक नमुना अध्यक्षबाईंच्या समोर घ्यायचा, तो जुळला की प्रबंध मंजूर. दर्शनी भिंतीवरचा फोटो त्याच दुपारी उतरला. फोटोमागे भिंतीचा जुना रंग निघाला, तो मला एरवी फार आवडला असता.

पोरगी दुपारी तळघरात आली. हातात मोजे, टोपी, पट्टी.

"आठवडाभर, मामा?"

"आधी सांगितलं असतं तर ते सावध झाले असते."

"हो. ते समजलं मला." ती स्टुलावर बसली नाही. "मी आईला सांगितलं होतं, माझ्या हातालाच काहीतरी आहे. मी जिथे हात लावते तिथे वाटोळं होतं, असं म्हणाले होते मी तिला."

 लाज वाटली, सरळ सांगतो. जन्मात कुणापुढे वाटली नव्हती एवढी.

"आता नवी तोटी कर," ती म्हणाली. "आणि हे घाल."

चौतीस वर्षांत मी हातमोजा घातला नव्हता. मोज्यात काच कळत नाही, असं मी सगळ्यांना ऐकवत आलो. निमूटपणे घातले. टोपी घातली. पट्टी बांधली. ती शेजारी उभी राहिली आणि माझ्या हातांवरून नजर हलवली नाही. मी खुंटी घडवली, घासली, तिने ती धुतली, भट्टीत भाजली, थंड केली. मग मी ती तोटीत बसवून फिरवून बघितली. अर्ध्यात अडकली.

"पाच वर्षं घालवून शेवटी अर्ध्या-अर्ध्याच," मी म्हणालो, काहीतरी बोलायचं म्हणून. "जे आधीपासून सगळ्यांना माहीत होतं."

"पण खऱ्या अर्ध्या-अर्ध्या," ती म्हणाली. "डावी का, ते मला माहीत नाही. तसंच लिहिणार आहे मी."

असं या इमारतीत कुणी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. वर तीन मजले भरून विद्वान होते, खाली मी होतो, आणि माहीत नाही असं म्हणणारी ही पहिलीच. मी तिच्याकडे बघत खुंटी पुन्हा फिरवली. कुरकुरली. फिरेना.

तिने माझं मनगट धरलं तेव्हा मला कळलं. उजव्या हातातला मोजा निघून बाकावर पडला होता, पट्टी हनुवटीखाली होती, आणि माझा अंगठा नाकापासून दोन बोटांवर होता.

"मामा," ती म्हणाली.

तिने मला नवा मोजा दिला. मग तोटीभोवती गरम कापड गुंडाळलं आणि आम्ही दोघं पंधरा मिनिटं वाट बघत बसलो.